बंद पेटीतली हवा

जुने स्पीकर घ्यायला गेल्यावर आधी काय वाजवून बघायचं, असं मित्र विचारतात. माझं उत्तर : काहीच नाही. आधी पुढची जाळी काढा, वूफरच्या मधल्या टोपीभोवती चार बोटं टेकवा आणि कोन हलकेच, सरळ आत दाबा. मग सोडा. तो सावकाश, सेकंदभर वेळ घेत जागेवर आला तर पुढची बोलणी करा. पटकन उसळून आला, तर पेटी कुठून तरी गळतेय.

ही परीक्षा फक्त बंद पेटीच्या स्पीकरांची. ज्यांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं त्यांना ती लावू नका. मी बॉस्टनजवळ राहतो, कोड लिहून पोट भरतो, आणि इथल्या तळघरांतून अशा बंद पेट्या अजून निघतात. कारण त्यांचं जन्मगाव, केंब्रिज, नदीपलीकडेच आहे.

थोडं भौतिकशास्त्र सांगतो, बारावीत झोपलेल्यांनाही कळेल असं. कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. खर्जात या दोन लाटा कडेने वळसा घालून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची बाजू पेटीत कोंडायची. पण कोंडलेली हवा कोनाला ढकलते, स्प्रिंगसारखी. कोन ज्या ताठ कडेवर टांगलेला असतो ती दुसरी स्प्रिंग. दोन्ही मिळून कोन इतका आखडतो की खोल खर्ज निघत नाही. यावर तेव्हाचा सरळ उपाय म्हणजे पेटीच कपाटाएवढी करणं. पॉल क्लिप्शचा १९४६चा प्रसिद्ध हॉर्न तर खोलीचा अख्खा कोपरा अडवायचा.

एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीपुनर्निर्मितीचा वर्ग घ्यायचा. त्याने हिशेब उलटा मांडला. दोन स्प्रिंगांपैकी एक नको असेल, तर हवेचीच का काढायची? टांगणी काढून टाकू. कोन जवळजवळ लुळा सोडू, आणि छोट्या, हवाबंद पेटीतल्या हवेलाच त्याला जागेवर आणू दे. कापडाच्या किंवा कागदाच्या टांगणीपेक्षा हवेची स्प्रिंग कितीतरी एकसारखी वागते, त्यामुळे खर्जातली विकृतीही घटते.

पहिला नमुना त्याने घरीच केला. कोनाची ताठ कड कापून टाकली. नव्या मऊ कडेचा आराखडा काढून दिला त्याच्या बायकोने, रोझमेरीने. तिने युद्धकाळात ड्राफ्टिंगचं काम केलं होतं. कापड होतं गादीच्या खोळीचं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती कधी येत नाही.

वर्गातला एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, केंब्रिजमध्ये आधीपासून स्पीकरच्या पेट्या बनवत होता. दोघांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर, काढली. त्यांचा एआर-१ जेमतेम २५ इंच लांब आणि १४ इंच रुंद होता, पुस्तकांच्या फळीवर मावणारा. १९५८ मध्ये घुमटाच्या आकाराचे ट्विटर घेऊन एआर-३ आला, नेमका स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या तेव्हा. आता दिवाणखान्यात एक नव्हे, दोन पेट्या लागणार होत्या. दोन कपाटं कोण ठेवणार?

फुकट काहीच मिळालं नव्हतं. क्लॉस नंतर एआर सोडून केएलएचमध्ये गेला. तिथला त्याचा भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने एक नियम सांगतात : छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी मिळतात. एआरने तिसरी सोडली. म्हणून या पेट्यांना तुमचा तळहाताएवढा ऑनलाइन मागवलेला ॲम्प्लिफायर जोडून ‘आवाजच नाही’ म्हणू नका. १९६७चा एआर-३ए तर ४ ओहमचा आहे, तो ॲम्प्लिफायरचा घाम काढतो.

हवा टिकते, कड टिकत नाही. सुरुवातीच्या कडा लेप दिलेल्या कापडाच्या होत्या. १९७०च्या सुमाराला फोम आला. हा पॉलियुरेथेन फोम दमट हवेने आणि ऑक्सिजनने पंधरा-वीस वर्षांत चिकट होतो, मग बोट लावताच त्याचा भुगा पडतो. घाबरू नका, नवी कड चिकटवता येते. फक्त कॉइल मधोमध राहील याची काळजी घ्या. मागच्या बाजूची आवाज कमी-जास्त करायची बटणंही आतून गंजतात आणि धडधाकट ट्विटर मेल्यासारखा वाटतो.

माझी जोडी एआर-२एएक्स आहे, कडा आधीच्या मालकांनी बदलून घेतलेल्या. मी शहाणपणाने एक वूफर काढला, गंजलेलं बटण साफ केलं, आणि कडेखालची वाळून दगड झालेली जुनी पुट्टी तशीच ठेवून स्क्रू आवळले. त्या पेटीचा खर्ज गेला. दोन संध्याकाळी मी वायरी उलट्यासुलट्या करून पाहिल्या, स्टँड सरकवले, ॲम्प्लिफायरला दोष दिला. तिसऱ्या दिवशी कोन दाबला. टपकन बाहेर! जी परीक्षा जगाला सांगत फिरतो तीच करायची राहिली होती. ताजी पुट्टी लावली. मग पेट्या स्टँडवरून उतरवून भिंतीला टेकलेल्या फळीवर, पुस्तकांच्या ओळीत ठेवल्या. त्या तिथल्याच आहेत. व्हिल्चर तर वूफर मोजायला पेटी उघड्यावर जमिनीत पुरायचा, तोंड आभाळाकडे. भिंतीत बसवलेल्या स्पीकरपुढे जशी अर्धी मोकळी जागा असते, तशीच ती मिळते.

बंद पेटीचं पेटंट त्याला १९५६ मध्ये मिळालं होतं. पुढे दुसऱ्या एका कंपनीने कोर्टात ते रद्द करून घेतलं आणि त्याने अपील केलं नाही. १९६७ मध्ये कंपनी विकून तो श्रवणयंत्रांकडे वळला. वय झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे पूर्वीइतकेच मोठे वाटतात, आणि हे उंच स्वरांत जास्त होतं. म्हणून आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा वेगळा दाबायचा-उचलायचा, अशी पद्धत त्याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. पेटंट घेतलंच नाही. आजच्या श्रवणयंत्रांत हेच तत्त्व सर्रास असतं.

ज्यांच्याकडून मी जोडी घेतली ते आजोबा घर आवरत होते. दोन्ही कानांत यंत्रं. माझी बोटं कोनावर बघून ते हसले, म्हणाले, ‘बरोबर दाबतोयस.’ मग रेकॉर्ड लावली आणि विचारलं, ‘दोन्ही ट्विटर वाजताहेत का रे? मला आता सांगता येत नाही.’

डावा मुका होता. मी मागचं बटण फिरवलं, खरखर झाली, आणि झांजांचा आवाज परत आला. ते स्पीकरकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.