शुभवर्तमानांची साक्ष आणि सिद्धरामांचे चरित्र

अमेरिकन मराठी मिशनने १८६० नंतरच्या दशकात सोलापुरात केंद्र उघडले, तेव्हा नवा करार मराठीत येऊन निम्मे शतक उलटले होते; विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूर येथे तो १८११ साली छापला होता. मिशनचे केंद्र येथे येण्यापूर्वीच या ग्रंथातील हकिकती खरोखर घडल्या कशावरून, हा प्रश्न मराठी विद्वानांच्या वादात येऊन गेला होता. जॉन म्यूरने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती धर्माच्या बाजूने खऱ्या धर्माच्या कसोट्या मांडल्या आणि धर्मसंस्थापकाने केलेल्या चमत्कारांना त्यांत मानाचे स्थान दिले. काशीत राहणाऱ्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याचे खंडन केले, आणि पुढे १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. खंडन करणारा पक्ष बदलतो तेव्हा त्याच्या युक्तिवादाचे मोल मात्र बदलत नाही. मुंबईच्या समुद्रकिनारी १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि जॉर्ज बोवेन यांच्यासह काही मिशनरी यांच्यात झालेला वादही धर्मग्रंथाचे प्रामाण्य या मुद्द्यापासून दूर जाऊ शकत नव्हता. या साऱ्या वादांतील उणीव अशी, की प्रतिपक्षाच्या ग्रंथाला लावलेली चाळणी स्वतःच्या ग्रंथाला लावण्याची तयारी क्वचितच कोणी दाखवली.

इतिहासकाराची चाळणी चमत्कारापासून सुरू होत नाही. लेखन घटनेनंतर किती काळाने झाले, लेखकाला माहिती कोठून मिळाली आणि स्वतंत्र साक्ष आहे का, हे तो आधी पाहतो. येशूला क्रुसावर दिले ते इ. स. ३० च्या सुमारास. पौलाची पत्रे, म्हणजे नव्या करारातील सर्वांत जुने लेखन, इ. स. ५० नंतरच्या दशकातील असून, मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ. स. ७० च्या आसपास आणि योहानाचे शतकाच्या अखेरीस ठेवतात. ग्रंथांच्या मूळ प्रती उरलेल्या नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसवरील एक लहानसा तुकडा, जो सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानला जातो, १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. पंतय पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, आणि तो ख्रिस्ती संप्रदायाचा विरोधक असल्यामुळे त्याच्या साक्षीला विशेष वजन येते. याउलट लूक येशूच्या जन्माचा संबंध क्विरीनियाच्या काळातील खानेसुमारीशी जोडतो, पण ती इ. स. ६ मधील आणि हेरोद राजा सामान्यतः इ. स. पू. ४ मध्ये मेला असे मानले जात असल्याने, हेरोदाच्या हयातीत जन्म सांगणाऱ्या मत्तयाच्या कथेशी तिचा मेळ बसत नाही. अशी विसंगती सापडली म्हणून सारा ग्रंथ फेकून द्यावा असे नाही. तसेच ती झाकण्यासाठी दुसरी खानेसुमारी कल्पावी, हेही इतिहासाला मान्य होणार नाही.

सोलापूरच्या वाचकाला हा प्रश्न घरचाच वाटावा. येथील ग्रामदैवत सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, हे बाराव्या शतकातील शरण, म्हणजे शिवभक्त संत, आणि त्यांचे प्रसिद्ध चरित्र, राघवांकाचे कन्नड 'सिद्धराम चारित्र', त्यांच्यानंतर रचले गेलेले, भक्तीच्या हेतूने लिहिलेले काव्य. सिद्धरामांची वचने 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या अंकितनामाने, म्हणजे कवीची ओळख पटवणाऱ्या मुद्रेने, ओळखली जातात. तथापि पंधराव्या शतकातील 'शून्यसंपादने'सारख्या संकलनांतून ती पोचली असल्याने, कोणते वचन मूळचे आणि कोणते नंतरचे, याचा निवाडा केवळ मुद्रेवरून होत नाही. पौलाच्या नावावरील काही पत्रे त्याची नव्हेत असे अभ्यासक म्हणतात, त्यामागचा तर्क याहून फार निराळा नाही.

कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेल्या शिलालेखावर पिलाताचे नाव आणि पद कोरलेले आहे. त्यावरून तो तेथे अधिकारी होता हे ठरते, पण त्याने येशूला काय विचारले ते ठरत नाही. त्याचप्रमाणे सोलापुरातील सिद्धेश्वराचे तळे सिद्धरामांच्या लोकसेवेच्या परंपरेची आठवण देते. त्या काठावरच्या प्रत्येक आख्यायिकेला मात्र स्वतंत्र पुरावा मागावाच लागतो.