जिनीव्हातील नामावळी

रोमाँ रोलाँ म्हटले की आपल्याकडे 'ज्याँ क्रिस्तोफ' आठवते, किंवा त्यांनी लिहिलेली गांधी-रामकृष्णांची चरित्रे. १९१४-१५ मध्ये त्यांनी जिनीव्हात केलेली कारकुनी आम्हीही वर्गात एका वाक्यात उरकत आलो. आज ती थोडी सविस्तर पाहावीशी वाटते.

ऑगस्ट १९१४ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने तेथे युद्धकैद्यांसाठी कचेरी उघडली. राथ संग्रहालयाच्या दालनांत स्वयंसेवक बसत; रोलाँ त्यांपैकीच एक. लढणाऱ्या देशांकडून कैद्यांच्या याद्या येत, घरोघरच्या चौकशीची पत्रे येत. दोहोंतील नावे कार्डांवर उतरवून वर्णानुक्रमे लावली जात. कैद्याचे कार्ड आणि त्याचा शोध घेणाऱ्या आईचे कार्ड जुळले की घरी उत्तर जाई. सुमारे २० लाख कैद्यांसाठी जवळजवळ ७० लाख कार्डे झाली. २००७ मध्ये युनेस्कोने या दप्तराची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

पुढे हेच काम संगणकावर गेले. जानेवारी २०२२ मध्ये समितीला आढळले की, तिच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी नोव्हेंबर २०२१ पासूनच शिरले होते. युद्ध, स्थलांतर वा आपत्ती यांमुळे ताटातूट झालेल्या, बेपत्ता आणि कैदेतील अशा ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती त्यात होती. किमान ६० देशांतील संस्थांनी ती गोळा केलेली. समितीने कोणावरही ठपका ठेवला नाही. यंत्रणा मात्र बंद करावी लागली. रेड क्रॉस व रेड क्रेसेंट मिळून रोज सरासरी १२ बेपत्ता माणसांची घरच्यांशी गाठ घालून देत असत. त्या कामालाच हा धक्का होता.

येथे कोणाच्या घरावर बाँब पडला नाही, म्हणून हानी लहान मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. जी यादी आईला मुलाचा ठावठिकाणा सांगते, तीच वैऱ्याच्या हाती पडली तर मुलाचा माग काढून देते. पळून आलेल्या माणसाने आपले खरे नाव सांगणे हा विश्वासाचा व्यवहार आहे. तो विश्वास उडाला की पुढचा माणूस नाव सांगणारच नाही, आणि त्याला शोधणेही खुंटेल.

इस्पितळाच्या छपरावरील लाल क्रॉस वैमानिकाला दिसतो. सर्व्हरला छप्पर नाही. म्हणून संगणकीय बोधचिन्हाची कल्पना पुढे आली आहे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने युद्धातील संगणकीय कारवायांपासून नागरिकांच्या संरक्षणाविषयी ठरावही केला. परंतु चिन्ह पाहून हात आवरणे शेवटी पाहणाऱ्याच्याच इच्छेवर राहते.

रोलाँ शिकवताना यापुढे आम्ही कार्डांच्या त्या खोक्यांपाशी थोडे अधिक थांबू.