जठररसाचा कारखाना

सेंट पीटर्सबर्ग शहरात नेवा नदीच्या फाट्यांनी वेढलेले आप्तेकार्स्की नावाचे एक बेट आहे. १७१४ मध्ये पीटर बादशहाने तेथे शाही औषधालयासाठी वनस्पतींची बाग लावविली, आणि तेव्हापासून या बेटाचा औषधी मालाशी संबंध जडला. परंतु एकोणिसावे शतक सरता सरता तेथून जो माल बाटल्यांत भरून रवाना होऊ लागला, तसा त्या बागेत कधी पिकला नव्हता. तो माल म्हणजे जिवंत, धडधाकट कुत्र्यांच्या जठरातून काढलेला निर्मळ पाचकरस. अग्निमांद्याने गांजलेले रुग्ण तो औषध म्हणून पीत, आणि त्याच्या विक्रीतून जी जमा होई तिच्यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेच्या खर्चाचा बराच भार उचलला जाई. हा व्यवहार म्हणजे शास्त्राच्या इतिहासातील केवळ एक चमत्कारिक उपकथा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण ज्या शिस्तीमुळे हा रस मिळाला, त्याच शिस्तीतून पचनविषयक सिद्धान्त जन्मास आले आणि त्याच शिस्तीने एक मोठे सत्य कित्येक वर्षे नजरेआड ठेवले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कारखान्याचा इतिहास शास्त्राच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

जठरातील रस हाती लागावा ही खटपट जुनी होती. १७५२ मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी एका शिकारी पक्ष्यास मांस भरलेल्या सच्छिद्र धातुनलिका गिळावयास लावून दाखविले की, अन्न केवळ दळले जात नाही, रसाने विरघळते. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर बंदुकीचा बार लागून अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण नावाड्याच्या जठरास कायमचे छिद्र पडले, आणि विल्यम बोमाँट या लष्करी वैद्याने त्या छिद्रातून कित्येक वर्षे पचनाचे निरीक्षण केले. १८४२ मध्ये मॉस्कोच्या बासोव्ह यांनी कुत्र्याच्या जठरास तसेच छिद्र बुद्ध्या पाडले. परंतु त्यातून निघणारा रस अन्नाने व लाळेने गढूळ झालेला असे. आणि प्राणी मेजावर बांधून, तो वेदनेत असता जे प्रयोग केले जात, त्यांत ती वेदनाच ग्रंथींचे काम बंद पाडी. शुद्ध रस हवा असेल तर प्राणी सुखरूप, भुकेला आणि आनंदी असला पाहिजे, ही साधी अट पुरी करण्याचे सामर्थ्य कोणापाशीही नव्हते.

ते सामर्थ्य पैशाने, इमारतीने आणि मनुष्यबळाने आले. राजघराण्याच्या नात्यातील प्रिन्स ओल्डेनबुर्गस्की यांनी १८९० मध्ये या बेटावर प्रायोगिक वैद्यकाची संस्था उभारली आणि पुढील वर्षी तिच्या शरीरक्रिया विभागाचा कारभार पाव्हलॉव्ह यांच्याकडे सोपविला. १८९३ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी संस्थेस दहा हजार रूबल दिले, आणि विभागाला दुमजली इमारत लाभली. तिच्यातील शस्त्रक्रियागृह, माणसांच्या इस्पितळासही साजेल अशा निर्जंतुकतेच्या बंदोबस्तासह, कुत्र्यांसाठी होते. कामास हात मिळाले ते पदवीच्या उमेदवारांचे: दोन-एक वर्षांची मोकळीक घेऊन आलेल्या वैद्यांस एक विषय, एक कुत्रा आणि एक मुदत नेमून दिली जाई, आणि प्रबंधाचा मसुदा धन्याच्या नजरेखालून गेल्याखेरीज बाहेर पडत नसे. १९०४ पर्यंत असे सुमारे शंभर जण तेथे राबले.

या व्यवस्थेचे मूळ भांडवल मात्र त्यापूर्वीच हाती आले होते. १८८९ मध्ये पाव्हलॉव्ह व येकातेरिना शुमोवा-सिमानोव्स्काया यांनी एका कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी छेदून तिची टोके कातडीबाहेर काढली आणि जठरास नळी बसविली. कुत्रा मांस खाई, गिळलेला घास मानेतून परत बशीत पडे, जठरात अन्नाचा कण जात नसे. तरीही पाच-एक मिनिटांत नळीतून स्वच्छ, पाण्यासारखा पारदर्शक, तीव्र आम्ल रस ठिबकू लागे. जठराकडे जाणारे व्हेगस मज्जातंतू छेदले की तो थांबे. अर्थात जठरास हुकूम मस्तकातून सुटतो, आणि तो सोडविणारी गोष्ट म्हणजे खाण्याची लालसा, हे त्यावरून सिद्ध झाले.

पुढे १८९४ मध्ये खीझिन या शागिर्दाच्या साहाय्याने ‘द्रुझोक’ नावाच्या कुत्र्याच्या जठराचा एक लहान कप्पा, त्याचे मज्जातंतू शाबूत राखून, वेगळा करण्यात आला. अन्न मोठ्या जठरात पचे आणि निर्भेळ रस लहान कप्प्यातून तासागणिक मोजला जाई. पावावर स्रवणाऱ्या रसाची पाचकशक्ती सर्वांत अधिक, मांसावरील रसाची आम्लता अधिक, दुधावरील रस दुबळा, असे प्रत्येक अन्नाचे वेगळे आलेख निघाले. आणि ग्रंथी अन्नाचा मगदूर ओळखून काम करतात, हा निष्कर्ष १८९७ च्या व्याख्यानग्रंथाने युरोपभर पोचविला.

रसाची विक्री ही याच मांडणीची पुढची पायरी होय. धिप्पाड, तरुण कुत्री एका लांब मेजापाशी उभी केली जात. प्रत्येकापुढे खिम्याची बशी, मानेतून खाली पडणारा घास पुन्हा त्याच बशीत, आणि जठराच्या नळीखाली रस साठविण्याचे पात्र. देखरेखीस पगारी माणूस नेमलेला असे. जमलेला रस गाळून बाटल्यांत भरला जाई आणि स्वदेशी तसाच परदेशी गिऱ्हाइकांस धाडला जाई. १९०४ च्या सुमारास वर्षाकाठी तीन हजारांहून अधिक बाटल्या खपत. या धंद्यातील कच्चा माल मांस नव्हता, कारण तेच मांस पुन्हा पुन्हा वापरले जाई. खरा कच्चा माल होता तो कुत्र्याची भूक.

परंतु ज्या पेढीचे सारे वैभव मज्जातंतूंवर उभे आहे, तिला मज्जातंतूंवाचून होणारा व्यवहार दिसणे अवघड असते. आतड्याच्या आरंभभागी आम्ल पोचले की स्वादुपिंडाचा रस वाहू लागतो, हे पाव्हलॉव्ह यांच्या मंडळीस ठाऊक होते. तेथे जाणारे मोठे मज्जातंतू छेदले तरी तो वाहतो, हेही त्यांच्याच पोपेल्स्की यांनी १८९६ मध्ये दाखविले होते. मात्र त्याचा अर्थ असा लावण्यात आला की, कोठेतरी जवळपासच्या चेतापेशींमार्फत ही प्रतिक्षिप्त क्रिया घडत असावी. लंडनचे बेलिस व स्टार्लिंग हे आतड्याच्या चलनवलनाच्या अभ्यासातून या प्रश्नाकडे आले होते. घासाच्या मागे आतडे आकुंचन पावते आणि पुढे सैल पडते, हा नियम त्यांनी १८९९ मध्ये मांडला होता. १६ जानेवारी १९०२ रोजी त्यांनी मज्जातंतू तोडलेल्या आतड्याच्या वेटोळ्यात आम्ल घातले, स्वादुपिंडाने रस सोडला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून, तो अर्क शिरेत टोचला, तरीही रस आला. निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्यास त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि १९०५ मध्ये अशा निरोप्यांच्या सबंध वर्गास हॉर्मोन हे नाव मिळाले. पीटर्सबर्गमध्ये साविच यांनी तो प्रयोग करून पाहिला तेव्हा तोच परिणाम दिसला. पाव्हलॉव्ह काही वेळ आपल्या खोलीत जाऊन बसले आणि परतल्यावर त्यांनी तो मान्य केला, अशी आठवण त्यांचे शिष्य बाबकिन यांनी लिहून ठेवली आहे. १९०४ मध्ये पाव्हलॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनावरील कामासाठी. पण त्या सुमारास त्यांचे लक्ष लाळेच्या ग्रंथींच्या वाटेने मेंदूकडे वळले होते.

यावरून पोपेल्स्की यांना दोष द्यावा, किंवा पाव्हलॉव्ह यांचा सिद्धान्त फोल ठरला असे मानावे, हे दोन्ही अन्यायाचे होईल. घास तोंडात येताच जठर कामास लागते ही गोष्ट आजही खरी आहे. मज्जातंतू आणि हॉर्मोने हे दोघे मिळून तो कारभार चालवितात, इतकीच दुरुस्ती करावी लागली. परंतु शंभर माणसांना विषय वाटून देणारी व्यवस्था त्यांना उत्तराचा साचाही वाटून देते. मज्जातंतू छेदूनही रस वाहतो ही घटना लंडनच्या आधी सहा वर्षे आप्तेकार्स्की बेटावर नोंदली गेली होती. तिचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र ज्याने ती पाहिली त्याच्याकडे नव्हता, दप्तराच्या मालकाकडे होता.