2.7780 : पौंडाचा काळा बुधवार

एका पौंडाला किमान 2.7780 जर्मन मार्क. भाव याच्या खाली जाऊ देणार नाही, असा शब्द ब्रिटिश सरकारने युरोपला आणि बाजाराला दिला होता. तो शब्द मोडला त्या बुधवारचा, 16 सप्टेंबर 1992 चा, हा घटनाक्रम. वेळा लंडनच्या आहेत. मुंबईची घड्याळं तेव्हा साडेचार तास पुढे होती.

ऑक्टोबर 1990

घटनाक्रम खरं तर इथून सुरू होतो. 3 ऑक्टोबरला दोन जर्मनी एक झाले आणि पाचच दिवसांनी, 8 ऑक्टोबरला, ब्रिटन युरोपच्या विनिमय दर यंत्रणेत, म्हणजे चलनांचे भाव एकमेकांशी ठरावीक मर्यादेत बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेत, दाखल झाला. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या आणि जॉन मेजर अर्थमंत्री. मधला भाव ठरला 2.95 मार्क, वर-खाली सहा टक्क्यांची मुभा.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. पूर्व जर्मनीला वर काढण्यासाठी बॉन सरकारने कर्ज काढून प्रचंड पैसा ओतला. मागणी वाढली, महागाई वाढली, आणि महागाईची धास्ती घेतलेल्या बुंडेसबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, व्याज चढवत नेलं. मार्कला बांधून घेतलेल्या प्रत्येक देशाला आपलं व्याजही वर ठेवणं भाग पडलं, नाहीतर पैसा जर्मनीकडे वाहिला असता. ब्रिटनला हवं होतं नेमकं उलटं. तिथे मंदी होती. 1991 या एका वर्षात हप्ते थकल्यामुळे 75 हजारांवर घरं जप्त झाली. बेकारांचा आकडा 1992 च्या सप्टेंबरपर्यंत 28 लाखांच्या घरात गेला. घरकर्जं बहुतांश बदलत्या दराची, म्हणजे लंडनमध्ये व्याज वाढलं की त्याची झळ थेट स्वयंपाकघरापर्यंत. जर्मनीच्या एकीकरणाचा खर्च अशा रीतीने ब्रिटिश कर्जदारही भरत होता.

8 ते 14 सप्टेंबर 1992

फिनलंडने 8 तारखेला मार्क्काला बाजारावर सोडलं. स्वीडनने क्रोना वाचवण्यासाठी एका रात्रीच्या कर्जाचं व्याज 75 टक्क्यांवर नेलं. 13 तारखेला इटलीने लिराचं सात टक्के अवमूल्यन केलं. बदल्यात बुंडेसबँकेने दर थोडेसे उतरवले; बाजाराला ते फारच थोडे वाटले. भाव पडण्यावर पैज लावणाऱ्या मंदीवाल्यांची नजर आता पौंडाकडे वळली. एव्हाना पंतप्रधान झालेले मेजर 10 तारखेलाच ग्लासगोत बोलले होते की अवमूल्यन हा पळपुटा मार्ग आहे, तो आपण घेणार नाही.

मंगळवार, 15 सप्टेंबर, रात्र

बुंडेसबँकेचे अध्यक्ष हेल्मुट श्लेसिंगर यांनी 'हान्डल्सब्लाट' या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीचा सारांश वृत्तसंस्थांवर झळकला. आणखी एखाद-दोन चलनांवर दबाव येऊ शकतो, असा त्याचा रोख. मजकूर आपण मंजूर केलेला नाही, असं फ्रँकफर्टहून कळवण्यात आलं. पण तोवर न्यूयॉर्कच्या डीलरांनी वाचायचं ते वाचलं होतं: पौंडामागे जर्मनी उभा नाही.

गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांच्या क्वांटम फंडाने पौंडाविरुद्धचा सौदा वाढवत सुमारे 1,000 कोटी डॉलरपर्यंत नेला. त्यांचे सहकारी स्टॅन्ली ड्रकनमिलर यांनी सौद्याची कल्पना मांडली तेव्हा तो फार लहान आहे, असं सोरोस यांचं मत पडलं. ते एकटे नव्हते. मोठ्या बँका, पेन्शन फंड, बहुराष्ट्रीय कंपन्यांचे खजिनदार, सगळे एकाच दिशेने विकत होते. यातले अनेकजण सट्टेबाज नव्हतेच. आपल्या गुंतवणूकदारांचा पैसा बुडू नये म्हणून ते पौंडातून बाहेर पडत होते.

सौदा साधा होता. पौंड उसने घ्यायचे, विकून मार्क घ्यायचे, पौंड पडला की स्वस्तात परत घेऊन उसनवारी फेडायची. पौंड पडला नाही तर नुकसान काय? काही दिवसांचं व्याज. पडला तर दहा टक्के फायदा. अशी एकतर्फी संधी बाजाराला सरकारने स्वतःच्या हाताने दिली होती. सोरोस यांना खलनायक ठरवणं मला म्हणूनच पटत नाही.

बुधवार, सकाळी 8.30 पर्यंत

बँक ऑफ इंग्लंड बाजारात उतरली. 30-30 कोटी पौंडांच्या खरेदीच्या दोन फेऱ्या झाल्या. भाव जागचा हलला नाही. खरेदी चालू राहिली आणि पौंड 2.7780 च्या तळाला चिकटून बसला.

सकाळी 10.30

अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी मेजरना फोन करून व्याजदर वाढवण्याची परवानगी मागितली.

सकाळी 11.00

दर दहावरून बारा टक्के. एका झटक्यात दोन टक्के, भर मंदीत.

पुस्तकातला नियम सांगतो की व्याज वाढलं की चलन वधारतं. त्या सकाळी पौंड तसूभरही वर आला नाही. कारण पडद्यासमोर बसलेला प्रत्येक डीलर त्या बातमीत दुसरंच काही वाचत होता. ज्या देशात घरं जप्त होताहेत, जिथले हप्ते दर महिन्याला बदलतात, तिथलं सरकार बारा टक्के किती दिवस चालवेल? जितका दर चढेल तितकी माघार लवकर येईल. सरकारची गंगाजळी किती, हा प्रश्न बाजाराने मागे टाकला होता. तो मोजत होता कर्जदाराची सोसण्याची ताकद, आणि तो हिशेब अचूक होता. त्या दिवशीची माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची घटना हीच: अकराला बातमी आली आणि काहीच झालं नाही.

दुपारी 12.45 च्या सुमारास

डाउनिंग स्ट्रीटवर डागडुजी चालू असल्याने मेजर जवळच्या अ‍ॅडमिरल्टी हाउसमध्ये मुक्कामाला होते. तिथे त्यांनी डग्लस हर्ड, मायकेल हेझल्टाइन आणि केनेथ क्लार्क या ज्येष्ठ मंत्र्यांना बोलावून घेतलं. अधिकाऱ्यांचं मत होतं की खेळ संपला, यंत्रणेतून बाहेर पडावं. मंत्र्यांना आणखी एक प्रयत्न हवा होता. बाजाराची ताजी खबर मिळण्याची सोय त्या जागी नव्हती, असं क्लार्क यांनी पुढे सांगितलं आहे. बँक मिनिटामिनिटाला पैसा ओतत होती आणि निर्णय घेणाऱ्यांना भाव कळत नव्हता.

दुपारी 2.15

दर पंधरा टक्के, दुसऱ्या दिवसापासून लागू.

वर्षाला पंधरा टक्के म्हणजे दिवसाला 0.04 टक्के. दोन दिवसांत दहा टक्के मिळण्याची आशा असलेल्या मंदीवाल्याला या दराची काय भीती? उलट 50 हजार पौंडांचं घरकर्ज असलेल्या कुटुंबावर पाच टक्क्यांची ही वाढ पूर्ण लादली गेली असती, तर वर्षाचं व्याज पाच हजारांवरून साडेसात हजार पौंडांवर गेलं असतं. ज्यांना रोखायचं त्यांना ओरखडाही नाही आणि ज्यांना जपायचं त्यांच्या मानेवर सुरी. घोषणेनंतर विक्री आणखी जोरात झाली. त्याच दिवशी स्वीडनने आपला तो एका रात्रीचा दर 500 टक्क्यांवर नेला होता. त्या आकड्याकडे पाहूनही कोणाचा विश्वास बसत नव्हता.

दुपारी 2.15 ते 4.00

हे पावणेदोन तास मला आजही अस्वस्थ करतात. यंत्रणेचा नियम असा की कामकाजाचे तास संपेपर्यंत, म्हणजे चार वाजेपर्यंत, बँक ऑफ इंग्लंडने समोर येईल तितका पौंड 2.7780 ला विकत घ्यायचा. मर्यादा नाही. हा भाव टिकणार नाही हे अधिकाऱ्यांना कळलं होतं, डीलरांना तर कधीचंच. तरी जनतेची गंगाजळी देऊन, उद्या स्वस्त होणारा माल आजच्या महागड्या भावाने घेणं चालूच होतं. ज्याला विकायचं होतं त्याला गिऱ्हाईक शोधावंच लागलं नाही. नियम पाळणं समजू शकतं, पण सकाळीच थांबण्याचा निर्णय झाला असता तर हे तास वाचले असते.

आपल्याकडे त्याआधी चौदा महिने, 1991 च्या 1 आणि 3 जुलैला, रुपयाचं दोन टप्प्यांत मिळून सुमारे 18 टक्के अवमूल्यन झालं. तेही दबावाखालीच, गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरलेली असताना. पण तारीख आणि प्रमाण दिल्लीने स्वतः ठरवलं होतं. लंडनने 16 सप्टेंबरला ते दोन्ही बाजारावर सोपवलं.

दुपारी 4.00

बँकेने खरेदी थांबवली. पौंड तळाच्या खाली घसरला.

रात्री 7.40

अर्थखात्याच्या इमारतीबाहेर, कॅमेऱ्यांच्या प्रकाशात, लॅमाँट यांनी विनिमय दर यंत्रणेतलं ब्रिटनचं सदस्यत्व स्थगित केल्याचं जाहीर केलं. पंधरा टक्क्यांचा दर रद्द. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तरुण सल्लागाराचं नाव होतं डेव्हिड कॅमरन, पुढे पंतप्रधान झालेले.

त्यानंतर

गुरुवारी 17 तारखेला दर पुन्हा दहा टक्क्यांवर आला. इटलीही यंत्रणेबाहेर पडला. महिनाअखेर पौंड अडीच मार्कांच्या आसपास होता, म्हणजे बुधवारी मंदीवाल्यांनी धरलेला दहा टक्क्यांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला. सोरोस यांचा नफा सुमारे 100 कोटी डॉलर.

पुढची गोष्ट कोणत्याच मंत्र्याने अपेक्षिलेली नव्हती. शब्द मोडल्यावर व्याज उतरत गेलं, निर्यात सावरली, अर्थव्यवस्थेला श्वास घेता आला. ऑक्टोबरमध्ये सरकारने भावाऐवजी महागाईचं लक्ष्य जाहीर केलं, एक ते चार टक्के. लॅमाँट यांचं पद मे 1993 मध्ये गेलं. मेजर यांच्या पक्षाची अर्थकारणातली पत त्या दिवशी गेली ती 1997 च्या पराभवापर्यंत परतलीच नाही, आणि नव्या सरकारने आल्या आल्या व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला.

फेब्रुवारी 2005

माहितीच्या अधिकाराखाली ब्रिटिश अर्थखात्याचे कागद खुले झाले. पौंड राखण्याच्या त्या प्रयत्नात झालेला तोटा त्यांत मांडला आहे: 330 कोटी पौंड. 1992 च्या लोकसंख्येने भागलं तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी सुमारे 57 पौंड.