सदस्य पानावरचा माणूस

विकिपीडियावर नाव नोंदवले की प्रत्येकाला स्वतःचे एक पान मिळते. मराठी विकिपीडियावर त्याला सदस्य पान म्हणतात. तिथे माणूस आपल्याविषयी चार ओळी लिहितो. कुठल्या भाषा येतात, कशात रस आहे, कोणते लेख लिहिले वगैरे. काहीजण ते कोरेच ठेवतात. खरे नाव द्यायची सक्ती नाही, आणि लिहिलेले खरे की खोटे हे कोणी तपासत नाही.

या पानावरून २००७ साली मोठा गदारोळ झाला होता. जुन्या ब्लॉगवाल्यांना आठवत असेल, इतरांसाठी थोडक्यात सांगते.

इंग्रजी विकिपीडियावर 'एसजे' या टोपणनावाने एकजण काम करत असे. आपल्या सदस्य पानावर त्याने लिहिले होते की मी एका खाजगी विद्यापीठात कायम नेमणुकीचा प्राध्यापक आहे, ख्रिस्ती धर्मशास्त्रात डॉक्टरेट आहे, चर्चच्या कायद्याचीही पदवी आहे. काम मात्र भरपूर करायचा. लेखांची कोणी नासधूस केली की ती निस्तरणे, भांडणे मिटवणे, असले कंटाळवाणे काम. 'न्यूयॉर्कर' या नामवंत साप्ताहिकाने जुलै २००६ मध्ये विकिपीडियावर मोठा लेख छापला, त्यात हे प्राध्यापकमहाशय झळकले.

२००७ च्या सुरुवातीला त्याला विकिपीडियाच्या संस्थापकांच्याच एका कंपनीत नोकरी लागली आणि खरी माहिती बाहेर आली. वय २४, ना प्राध्यापक, ना डॉक्टरेट! साप्ताहिकाला खुलासा छापावा लागला. संस्थापक जिमी वेल्स आधी म्हणाले, टोपणनाव आहे, त्यात काय एवढे. पण मग लोकांनी जुन्या चर्चा उकरल्या. कॅथलिक पंथाच्या एका लेखावरून वाद चालला होता, तिथे याने नवशिक्यांसाठीच्या एका पुस्तकाचा आधार दिला होता आणि वर, हे पुस्तक मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला लावतो, असे ठोकून दिले होते. म्हणजे खोटी पदवी नुसती पानावर टांगलेली नव्हती, ती वादात समोरच्याचे तोंड बंद करायला वापरली होती. मार्च २००७ मध्ये वेल्स यांनी त्याला पदे सोडायला सांगितली आणि तो निघून गेला.

आता याच्या उलट गोष्ट बघा. सव्वाशे वर्षांहूनही जुनी.

ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश १८७९ पासून जेम्स मरे यांच्या संपादनाखाली तयार होऊ लागला. मरे स्वतः शाळामास्तर, चौदाव्या वर्षी ज्यांची शाळा सुटली होती असे. त्यांनी जनतेला आवाहन केले की जुनी पुस्तके वाचा आणि कोणता शब्द कुठे कसा वापरला आहे ते वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवून पाठवा. घरबसल्या, बिनपगारी. विकिपीडियाची पणजीच म्हणा ना!

त्यात डॉ. मायनर नावाच्या एका गृहस्थांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. पत्ता एवढाच, ब्रॉडमूर, क्रोथॉर्न, बर्कशायर. मरेंना वाटले, असेल कोणी फावल्या वेळात वाचणारा डॉक्टर. प्रत्यक्षात ब्रॉडमूर हे मनोरुग्ण गुन्हेगारांना ठेवायचे ठिकाण होते. मायनर अमेरिकन सैन्यातले शल्यवैद्य. १८७२ साली लंडनमध्ये भ्रमाच्या भरात त्यांनी एका निरपराध माणसाला गोळी घातली होती. मरेंना पुढे हे कळले. १८९१ साली ते स्वतः ब्रॉडमूरला जाऊन मायनरना भेटले. आणि चिठ्ठ्या घेणे त्यांनी थांबवले नाही! कारण प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तकाचा आधार होता, तो कोणालाही पडताळता येत होता. चिठ्ठी लिहिणारा कोण आहे यावर ती अवलंबून नव्हती.

आपल्या मराठी विश्वकोशाची पद्धत तिसरीच. १९७६ साली पहिला खंड आला, तेव्हापासून नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते. आणि या कोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या पाठशाळेत शिकलेले, विद्यापीठाच्या पदवीवाचून एवढे विद्वान झालेले. नाव आहे, म्हणून जबाबदारी आहे. ही पद्धत मला आवडते. पण ती नेमलेल्या लेखकांची. हजारो अनोळखी माणसे एकत्र लिहितात तिथे मरेंचीच पद्धत चालणार. एसजे प्रकरणानंतर वेल्स यांनी पदव्या तपासण्याची सूचना केली होती. सदस्यांनी ती स्वीकारली नाही, हे मला तरी बरोबर वाटते. तपासायचाच तर आधार तपासावा.

हे सगळे आठवायचे कारण, माझा भाचा म्हणाला, "मावशी, तू विकिपीडियावर लिहितेस ना, मग तुझ्या पानावर 'इतिहासतज्ज्ञ' लिही. लोक वाद घालणार नाहीत." वर्गात हेच तर शिकवत आले, की बाई म्हणतात म्हणून सन खरा मानू नका, पुस्तक उघडून बघा. मग लोकांनी माझ्याशी वाद घालायलाच हवा की!

मी पानावर एवढेच लिहिले आहे: निवृत्त शिक्षिका, बी.ए., मराठी माध्यम. त्याखाली घरातल्या इतिहासाच्या पुस्तकांची यादी दिली आहे, म्हणजे कोणाला एखादा संदर्भ पाहून हवा असेल तर विचारता येईल. ती यादी माझ्या पदवीपेक्षा पुष्कळ कामाची आहे.

असो. तुमच्यापैकी कोणाचे सदस्य पान असेल तर त्यावर काय लिहिले आहे ते जरूर कळवा.