क्रीडांगणावरील आरोग्यसेवा

वेदना शब्दांत सांगता येणे हेही एक भाग्यच होय. बौद्धिक दिव्यांग मुलाचा दात ठणकतो, त्याला धूसर दिसते. परंतु त्याची चिडचिड ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिली जाते. ही उपेक्षा दूर करण्याचा इतिहास क्रीडांगणावर घडला.

अमेरिकेतील युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या भगिनी रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होत्या. युनिस यांच्या पुढाकाराने जुलै १९६८ मध्ये शिकागो येथे पहिली स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा भरली. पुढे खेळाडूंची तपासणी होऊ लागली, तेव्हा अनेकांचे आजार उपचाराविना राहिल्याचे उघड झाले. दंतवैद्य डॉ. स्टीव्हन पर्लमन यांनी युनिस यांच्या साथीने दंततपासणी सुरू केली. १९९७ पासून दात, डोळे, कान आदींच्या मोफत तपासण्या ‘हेल्दी ॲथलीट्स’ या नावाखाली एकत्र आल्या. स्वयंसेवक डॉक्टर मैदानावर येतात आणि अशा रुग्णांशी कसे बोलावे, हे स्वतःही शिकतात. नेत्रतपासणीस २००१ पासून लायन्स क्लबच्या जागतिक प्रतिष्ठानाचे पाठबळ लाभले.

भारतात ७ एप्रिल २०२२ रोजी, जागतिक आरोग्यदिनी, ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ने ७५ शहरांत अशी शिबिरे भरविली. मात्र शहरातील शिबिर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तेथे सेवेनेच चालत जावे लागते. जे मूल तक्रार करू शकत नाही, त्याची विचारपूस सर्वांआधी व्हावी, हाच या इतिहासाचा बोध होय.