‘आत्मे’ या शब्दाविषयी

* आत्मे : मूळ रशियन शब्द ‘दुशा’. आपण डोकी मोजतो, तसे रशियातले जमीनदार आपल्या भूदासांचे ‘आत्मे’ मोजत. सरकारी गणती काही वर्षांनी एकदा होई आणि डोईपट्टी फक्त पुरुषांवर बसे. मधल्या काळात माणूस मेला, तरी पुढच्या गणतीपर्यंत तो कागदावर जिवंतच. त्याची पट्टी मालकाने भरायची. गोगोलच्या कादंबरीचा नायक चिचिकोव हीच मेलेली नावे विकत घेतो, कारण ती तारण ठेवून त्याला सरकारी कर्ज उचलायचे आहे. अनुवादात इथे ‘कुळे’ म्हणणे सोपे होते. पण मग गोगोलचा सगळा घावच हुकला असता. आत्मा अमर असतो, तो मेलेला कसा, असा आक्षेप मॉस्कोच्या सेन्सॉरने ‘मेलेले आत्मे’ या शीर्षकावर घेतला होता. ‘चिचिकोवची भ्रमंती’ असे नाव आधी जोडून पुस्तक 1842 साली निघाले. भूदासपद्धती रद्द झाली ती 1861 साली.

जमीनदार सोबाकेविचचा प्रसंग सावकाश वाचावा. तो मेलेल्यांना शंभर रूबल भाव सांगतो आणि गाड्या बांधणाऱ्या मिखेयेवच्या हातची कारागिरी वाखाणतो. कादंबरीत या कष्टकऱ्यांची एवढ्या आस्थेने आठवण दुसरे फारसे कोणी काढत नाही. इथे निघते ती सौदा वाढवण्यासाठी. त्याच्या यादीत एलिझावेता वरबेय ही बाईही आहे. पुरुषाचे वाटावे म्हणून तिच्या नावाचे शेवटचे अक्षर त्याने बदलले आहे.